गंजीची जागल आणि एड गीनचे आठ भाग: कोणी कोणी पाहिली 'मॉन्स्टर'?

जागल्या

सोयाबीन सोंगून गंजी मारली आणि हडंबेवाला (मळणीयंत्रवाला) काही येईना. रोज म्हणे, "उद्या पक्कं भाऊ." त्या उद्याच्या नादात पाच रात्री वावरात काढल्या. तुरीत रोही, गंजीवर रानडुक्कर आणि माचीवर मी, एक टॉर्च, एक घोंगडी अन् पुतण्याच्या खात्यावरचं नेटफ्लिक्स.

तर खऱ्या खुन्यांवरच्या 'मॉन्स्टर' मालिकेचा तिसरा सीझन पाहिला. ३ ऑक्टोबर २०२५ ला आला, आठ भाग. एड गीन नावाचा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एकटा राहणारा शेतकरी. एकदम सायको माणूस. १९५७ मध्ये पकडला तेव्हा घरात काय काय सापडलं ते इथे लिहीत नाही, संध्याकाळी जेवणाआधी वाचणारे बरेच आहेत. एवढंच सांगतो की खुर्चीची बैठक कशाने मढवली होती हे कळल्यावर मी आमच्या घरच्या वेताच्या खुर्चीकडेही दोन दिवस नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या रात्रीचा किस्सा. पडद्यावर तो मेलेल्या आईच्या बंद खोलीचं दार उघडत होता. इकडे गंजीच्या मागून कडकड, कडकड. कोणी हाडं चावावी तसा आवाज. छातीत धस्स झालं. टॉर्च मारला तर डुकरीण आणि मागे चार पिल्लं, निवांत शेंगा फोडत होती. हाकललं, परत येऊन बसलो, पण मालिका पुढे लावायला दहा मिनिटं लागली.

भ्यालो, खोटं कशाला बोलू. एड झालेला चार्ली हनम कामात कमी नाही. तो बारीक, चोरटा आवाज कानात राहतो. लॉरी मेटकाफची आई ऑगस्टा तर अशी की ती पडद्यावर आली की आपणच पाठ ताठ करून बसावं. पण पाहून झाल्यावर दोन-तीन रात्री खरी केस वाचत बसलो आणि डोकं फिरलं. यांनी किती घुसडलंय!

भाऊ हेन्री १९४४ मध्ये शेतातल्या आगीच्या वेळी मेला. तेव्हा घातपाताचा गुन्हा काही सिद्ध झाला नाही, शंका लोकांनी पुढे घेतली. मालिकेत तो सरळ एडनेच मारलेला. १९५३ मध्ये लेकरं सांभाळायला गेलेली एक शाळकरी मुलगी बेपत्ता झाली होती, ती आजतागायत सापडली नाही. पोलिसांना तिच्या प्रकरणात गीनविरुद्ध काही मिळालं नाही. मालिकेत तोही खून याच्याच नावावर. लाकूड कापायची यंत्रकरवत तर त्या माणसाने कोणावर चालवलीच नव्हती, ती १९७४ च्या एका सिनेमातली. त्याने कबूल केलेले खून दोन, बाकी सगळं त्याने स्मशानातून उकरलेलं. दोन खून आणि उकरलेली थडगी एवढ्याने भागत नव्हतं का यांचं?

वरून शेवटाकडे आपल्याकडेच बोट: राक्षस कोण, तो की पाहणारे तुम्ही? अरे बापा, ताट तूच वाढलं अन् खादाड मी?

इंग्रजी समीक्षकांनीही बहुतेकांनी झोडपली म्हणे. तरी चार्टवर वरच्या नंबरला. तुमचं काय म्हणणं? सायको लोकांवरच्या मालिका पाहता का, आणि पाहून झोप लागते का?

सावजी_रस्सा

मी त दोनच भाग पाहले राजेहो. समोर मटनाची वाटी अन् टीव्हीवर ते. बायको म्हणे, एक तं हे बंद करा नाहीतं ते. मी टीव्ही बंद केला. मटन बाराशेचं होतं दीड किलो.

पऱ्हाटी

जागल्याभाऊ, हडंबा कोणता सांगितला? आमच्याकडचा मोकळा होऊन रायला परवा. व्यनि करा.

मालिका पाहिली नाही, पाहणार नाही. कापूस वेचायला मजूर मिळून नाही रायले, याहून मोठं भय नाही.

खिचडीमास्तर

धागा चांगला निघाला, म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सातवीतल्या पोराने मधल्या सुट्टीत विचारलं, "सर, खरंच माणसाच्या कातड्याचा दिवा करता येते का?" मी विचारलं, कुठं पाहिलं? तर रीलवर. मालिका त्याने पाहिलेलीच नाही. तीस-तीस सेकंदांचे तुकडे, खाली ढणढण गाणं आणि वर कोणाचा तरी लाल अक्षरातला मजकूर.

आता नियम काय आहे पाहा. २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवर वर्गवारी आणली. यू, मग यूए सात, तेरा, सोळा आणि शेवटी ए. तेरा आणि त्यावरचं पालकांना कुलूप लावता आलं पाहिजे, ए असेल तर वय तपासायची सोय पाहिजे. कागदावर उत्तम. पण ही वर्गवारी मालिकेला लागते, मालिकेच्या तुकड्याला कोण विचारतो? आणि घरात एकच मोबाईल, तो बापाचा, कुलपाचा आकडा पोरालाच माहीत कारण पोरानेच टाकून दिलेला.

पोराला मी उत्तर काय दिलं? म्हटलं, तो माणूस आजारी होता आणि त्याला पकडलं होतं. "मंग फाशी?" नाही म्हटलं, दवाखाना. त्याला ते काही पटलं नाही.

बाईमाणूस

मास्तर, तुमचं पोरगं निदान प्रश्न तरी विचारतंय. इथे कोणी विचारलं का की मेलेल्या दोघी कोण होत्या?

मेरी होगन गुत्ता चालवायची, १९५४ मध्ये गेली. बर्निस वर्डन अठ्ठावन्न वर्षांची, गावातलं हार्डवेअरचं दुकान तिचं. दोघीही स्वतःच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाया, त्या काळात. आणि गीन पकडला गेला तो कशामुळे? बर्निसच्या दुकानातली शेवटची पावती त्याच्यासाठी फाडलेली होती, गाडीच्या रेडिएटरात घालायच्या अँटिफ्रीझची. तिचा मुलगाच डेप्युटी शेरीफ होता. शिकारीहून परत आला तर दुकानात रक्त आणि आई नाही. त्याला आठवलं की आदल्या दिवशी कोण अँटिफ्रीझची चौकशी करून गेला होता. बाईने मरायच्या आधी हिशोब लिहून ठेवला आणि त्या हिशोबाने खुनी धरून दिला. हा प्रसंग कोणाही चांगल्या लेखकाने अर्धा भाग रंगवला असता.

मालिकेने तिचं काय केलं? तिचं आणि त्याचं प्रकरण दाखवलं. ज्याला कसलाही पुरावा नाही. आपल्या गावात मेलेल्या बाईच्या नावावर कोणी असं लफडं लावलं असतं तर तिच्या पोराने काय केलं असतं सांगा. आणि उरलेली बाई म्हणजे आई, म्हणजे सगळ्याचं मूळ. पोरगा बिघडला की आईच, इथेही आणि तिथेही.

मी चौथ्या भागाला सोडली. भीतीने नाही, वैतागून.

सावजी_रस्सा

बाईमाणूसताई बरोबर आहे तुमचं. पण मग 'मॉन्स्टर'च्या पहिल्या सीझनच्या, 'डाहमर'च्या वेळी कोणी एवढं का नाही बोललं?

बाईमाणूस

बोलले की. २०२२ मध्ये 'डाहमर' आली तेव्हा एका बळीच्या बहिणीने जाहीर लिहिलं होतं की मला कोणी विचारलंही नाही, आणि कोर्टातलं माझं रडणं हुबेहूब नटीकडून करून घेतलं, कपडेसुद्धा तसेच. त्यात आणखी नेटफ्लिक्सने आधी एलजीबीटीक्यूचा शिक्का लावला होता, लोक चिडले म्हणून काढला. पण साठ दिवसांत शंभर कोटी तास पाहिली गेली ती. पुरस्कारही मिळाले. मग पुढचा सीझन काढायला कोण थांबतो?

वणी_ते_विस्कॉन्सिन

वाचनमात्र असतो, पण आज राहवलं नाही. मूळचा वणीचा, अकरा वर्षं मॅडिसनला आहे. हे एड गीनचं प्लेनफिल्ड इथून उत्तरेला गाडीने दीड-दोन तासांवर. बटाट्याचा भाग आहे, जमीन रेताड, मैलोन्‌मैल स्प्रिंकलरचे लोखंडी सांगाडे फिरत असतात. गावाची वस्ती हजाराच्या आतली. आपल्या मारेगावकडच्या एखाद्या खेड्याएवढं. दोनदा त्या रस्त्याने गेलो. बघण्यासारखं काही नाही, आणि गावाला तेच हवं आहे असं वाटलं.

घर १९५८ च्या मार्चमध्ये जळालं. लिलाव ठरला होता, त्याच्या आधीच. कोणी जाळलं ते कधी बाहेर आलं नाही. मोटार मात्र लिलावात गेली, ७६० डॉलरला. घेणारा जत्रेवाला होता. त्याने ती गाडी जत्रेत तंबूत लावली आणि पंचवीस सेंट तिकीट ठेवलं: या, ज्या गाडीतून प्रेतं नेली ती गाडी पाहा. लोकांनी ओरड केली तेव्हा बंद झालं ते. तेव्हा जागल्याभाऊ, तुम्ही जी मालिका पाहिली तिचा पहिला भाग हा. पटापट तिकिटं गेली होती.

थडग्यावरच्या दगडाचे टवके लोक आठवण म्हणून नेत. २००० साली अख्खा दगडच चोरला. पुढच्या वर्षी तो पार सिएटलजवळ सापडला. परत लावला नाही. आईच्या शेजारी पुरलंय त्याला, आता वर नुसतं गवत.

आणि तो गेला १९८४ मध्ये, इथेच मॅडिसनच्या मेंडोटा दवाखान्यात. माझ्या घरापासून तळ्याच्या पलीकडे. हे मला आठ वर्षं माहीतच नव्हतं. कळलं त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "घर बदलव."

पऱ्हाटी

आई बरोबर म्हणते 😀

झाडीपट्टीचा_पडदा

माझं मत थोडं उलट आहे जी.

मी वडशाकडचा. नाटकात काम करतो, म्हणजे दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्री मंडपात आणि दिवसा गाडीत झोपेत. शंकरपट (बैलांची शर्यत) असला की गावात नाटक हवंच, आणि नाटकात खून हवाच. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, पहाटेपर्यंत चालतो. तर खून दाखवण्याबद्दल मला थोडं बोलू द्या.

आमचं रक्त म्हणजे लाल रंग, कुंकू आणि चिकटपणासाठी साखरेचा पाक. मुंग्या लागतात. एकदा मेलेला पडलो होतो आणि मानेवर मुंग्या, समोर दोन हजार माणूस, हलता येत नाही. हिचकॉकनेही १९६० च्या त्या 'सायको' सिनेमात न्हाणीघरातल्या सीनला चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. सिनेमा काळा-पांढरा, खपून गेलं. म्हणजे बडे लोकही मुंग्यांच्याच धंद्यात.

पण आमच्याकडे खून असतो अर्ध्या मिनिटाचा आणि रडणं असते अख्ख्या अंकाचं. ज्याचं माणूस गेलं त्याला बोलू द्यावंच लागते. नाही दिलं तर समोरच्या म्हाताऱ्या बोलतात. खलनायकाला चहाच्या टपरीवर शिव्या पडतात, त्याच्या बायकोलाही पडतात. प्रेक्षक सुरी पाहायला येत नाही, सुरीनंतर काय होते ते पाहायला येते. या मालिकेत मले सुरीच सुरी दिसली. कारागिरी मात्र एक नंबर, ते घर, तो बर्फ, ते पिवळे दिवे. त्यांच्या रंगपटवाल्याला एकदा भेटायचं आहे.

तर समीक्षकांनी "किळसवाणी" म्हणून झोडपली असेल तर ते मले पटत नाही. किळस यावी म्हणूनच केली ती. चूक किळसेत नाही जी, चूक रडणं कापलं त्यात आहे.

मोहाडीकर

इतका वेळ वाचत होतो. लिहू की नको.

मी भंडारा जिल्ह्याचा, मोहाडी तालुक्याचा. एवढं लिहिलं की बाहेरचा माणूस पुढचं गाव विचारतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या शिक्षेवर आणली. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले.

आता कल्पना करा. कोणी एक कंपनी येते, आठ भाग काढते. आणि "कथेला धार यावी" म्हणून मेलेल्यांच्या तोंडी काहीही घालते, मारणाऱ्याचं बालपण रंगवते, त्याला देखणा नट देते. मग सातवीतल्या पोरांच्या मोबाईलवर त्याचे तुकडे.

प्लेनफिल्डच्या लोकांना आपण ओळखत नाही म्हणून हे आपल्याला "कथेत घुसडलं" एवढंच वाटतं.

उमरेड_लाईन

मोहाडीकर, नमस्कार घ्या.

पण दाखवूच नये असंही नाही ना. नागपूरच्या कस्तुरबा नगरचं प्रकरण घ्या. १३ ऑगस्ट २००४ ला बायांनी वस्तीतल्या गुंडाला, अक्कू यादवला, भर कोर्टात मारलं. त्यावर उमेश कुलकर्णींनी २०२२ मध्ये तीन भागांचा माहितीपट केला, नेटफ्लिक्सवरच आहे. तिथे वस्तीतल्या बाया स्वतः बोलतात. रक्त फारसं नाही, पण एकेक बाई बोलता बोलता थांबते तिथे पोटात खड्डा पडतो. आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले, तेही सरळ सांगितलंय. मी त्या वस्तीपासून फार लांब राहत नव्हतो, तरी निम्मं मला माहीत नव्हतं.

सावजी_रस्सा

त्याच्यावर धागा काढला तर शंभर प्रतिसाद तरी येतील का? एड गीनवर येतील. आपणही पंचवीस सेंटवालेच आहो बाप्पा.

बाकी 'मॉन्स्टर'च्या बाजूनं एक सांगतो. दुसरा सीझन आईबापाला मारणाऱ्या मेनेंडेझ भावांवर होता, २०२४ चा. तो आल्यावर त्यांच्या केसची चर्चा पुन्हा पेटली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची शिक्षा कमी झाली. पॅरोल मात्र ऑगस्टमध्ये नाकारला. मालिकेमुळेच झालं असं नाही, पण लोकांचं ध्यान गेलं हे खरं.

तुराटी

मी नवीन सदस्य आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या चुलतभावाला स्किझोफ्रेनिया आहे. गीनलाही तेच निदान होतं असं वाचलं. भाऊ एकोणतीस वर्षांचा. नागपूरच्या मनोरुग्णालयातून गोळ्या आणतो आम्ही, महिन्यातून एक चक्कर, पहाटेची एसटी. गोळ्या नियमित घेतल्या की वावरात जातो, बैल धुतो, डवरणी करते. कमी बोलते एवढंच. कोणाच्या अंगावर कधी गेला नाही. उलट पोळ्याच्या दिवशी लहान पोरांना बैलावर बसवून फिरवते.

ही मालिका आमच्या गावात पानठेल्यावर पाहिली पोरांनी, एका मोबाईलवर सहा जण. तेव्हापासून भाऊ खर्रा घ्यायला गेला की "एड भाऊ आले" म्हणतात. आधी "सायको" म्हणत होते, आता हे. एकाने विचारलं, "काबे, मायच्या खोलीत काय ठेवलं?" त्याची माय, म्हणजे माझी काकू, दोन वर्षांआधी गेली.

त्याला कळलं नाही ते काय म्हणत होते. घरी येऊन मला विचारलं, एड कोण आहे? मी म्हटलं, अमेरिकेतला एक शेतकरी. तो म्हणे, "किती एकर?"

यावर मला काय बोलावं सुचलं नाही.

खिचडीमास्तर

तुराटी, मला त्या पोराला दिलेलं उत्तर आता अर्धवट वाटून रायलं. "आजारी होता" एवढंच म्हणालो मी. वर्गात चाळीस पोरं होती, त्यातल्या कोणाच्या घरी कोणी आजारी असेल हे डोक्यात आलं नाही. उद्या वर्गात पुन्हा बोलतो. काय बोलायचं ते ठरलं नाही.

वणी_ते_विस्कॉन्सिन

तुराटी, एक माहिती. गीन मेंडोटात होता तेव्हा शांत, सांगितलं काम करणारा पेशंट म्हणून ओळखला जायचा असं वाचलंय. तुमच्या भावाचा याच्याशी संबंध नाही, कशाचाच नाही. पण तो शब्द तुमच्या पानठेल्यावर कसा पोचला बघा. प्लेनफिल्डपासून जवळच राहणाऱ्या रॉबर्ट ब्लॉकने १९५९ मध्ये कादंबरी लिहिली, 'सायको'. पुढच्या वर्षी हिचकॉकचा सिनेमा. तिथून जगभर. आणि आता त्याच गावावरची मालिका त्याच शब्दाला नवीन नाव देऊन गेली.

झाडीपट्टीचा_पडदा

तुराटीताई/भाऊ, मी एका नाटकात "येडा" केला होता तीन वर्षांआधी. लाळ गाळायची, डोळे फिरवायचे, टाळ्या पडायच्या. लोक पोट धरून हसायचे. यंदा त्या कंपनीनं परत तोच रोल दिला आहे. बघू.

तुराटी

ताई. 🙂 आणि नाटकाला नाही म्हणू नका, भावाला नाटक लय आवडते. यंदा आमच्याकडे पट आहे जानेवारीत.

जागल्या

सगळ्यांचे आभार. धागा कुठून कुठे गेला.

तुराटीताई, वरच्या लेखात मी तो शब्द दोनदा लिहिला आहे. एकदा गीनबद्दल आणि एकदा शेवटच्या ओळीत, उगाचच, ठेक्यासाठी. आता संपादन बंद झालंय इथे, त्यामुळे तो तसाच दिसणार. भावाला सांगा, एडची जमीन दीडशे एकराच्या वर होती, पण रेताड होती.

पऱ्हाटी, हडंबा मिळाला, तुमच्यावालाच. आत्ता बांधावर उभा आहे आणि ड्रायव्हर चहा मागून रायला. चार पोती तरी डुकरांनी नेली असतील. मोजून सांगतो.